वर्ल्डवाइड एलएचसी कॉम्प्युटिंग ग्रिड

वर्ल्डवाइड एलएचसी कॉम्प्युटिंग ग्रिड हे जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने उभारलेले आंतरराष्ट्रीय संगणकजाल आहे. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणवेगवर्धकातील टकरींची माहिती साठवणे, वितरित करणे व तिचे विश्लेषण करणे हे त्याचे कार्य होय.

या माहितीचा भार एकट्या केंद्राला पेलणारा नव्हता. म्हणून २००१ मध्ये सर्नच्या परिषदेने या प्रकल्पास मान्यता दिली.

== रचना ==
सर्नमधील शून्य स्तरावर मूळ माहिती चुंबकीय फितींवर जतन होते. पहिल्या स्तरावरील मोठी केंद्रे तिची दुसरी प्रत सांभाळतात. त्यामुळे एखादे केंद्र बंद पडले तरी माहिती नष्ट होत नाही. दुसऱ्या स्तरावरील विद्यापीठे व संस्था प्रामुख्याने विश्लेषण आणि संगणकीय प्रतिरूपण करतात. चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रे या जालात आहेत.

== भारताचा सहभाग ==
मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएस प्रयोगासाठी, तर कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर ॲलिस प्रयोगासाठी दुसऱ्या स्तराचे केंद्र चालवते.

== महत्त्व ==
४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेल्या हिग्स बोसॉनच्या शोधामागील विश्लेषण याच जालावर झाले. संशोधक कोणत्याही सहभागी देशात असला, तरी त्याला या सामायिक संगणनशक्तीचा उपयोग करता येतो.