कावसजीचे नाक

अक्कलकोटच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात तलवारी, भाले, बंदुका आजही पाहायला मिळतात. हे संस्थानच लढाईतून जन्मलेले. १७०७ मध्ये पारदच्या लढाईत सयाजी लोखंडे पडले. त्यांच्या पत्नीने लेकरू शाहू महाराजांच्या पदरात टाकले. तोच पुढे अक्कलकोटचा राजा पहिला फत्तेसिंह भोसले.

शस्त्रे जपली गेली. त्यांचे घाव भरून आणणाऱ्या हातांची नोंद मात्र क्वचितच सापडते. अशी एक मोलाची नोंद पुण्याची आहे.

कावसजी हा इंग्रजी फौजेतला मराठा गाडीवान. १७९२ च्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. हा कारागीर विटा करणाऱ्या जातीतला. अभ्यासक त्याला कुंभार मानतात.

त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा केला, तो कपाळावर पसरून कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलली. दोन भुवयांमधली एक अरुंद पट्टी मात्र जोडलेलीच ठेवली. सगळे कसब त्या पट्टीत होते, कारण तिच्यातून रक्त वाहत राही. कातडी पिळून खाली वळवली, जुना व्रण खरवडून तिथे बसवली आणि वर भिजवलेल्या काताच्या चिंध्या लावल्या. चार दिवसांनी तुपाच्या पट्ट्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती कातडीची पट्टी कापली.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हे छापले. ते वाचून जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये तिथे तीच शस्त्रक्रिया केली. कार्प्यूचे नाव ग्रंथांत राहिले. पुण्याच्या कारागिराचे कोणी विचारलेसुद्धा नाही, ही खंत वाटतेच.

कातडी धरते कशी, याचा रासायनिक शोध फार उशिरा लागला. स्टॅन्ली कोहेन यांनी १९६२ मध्ये उंदराच्या लाळग्रंथीतून ५३ अमिनो आम्लांचे, पेशींना वाढायला लावणारे पेप्टाइड, म्हणजे वाढ-घटक, वेगळे केले. त्यासाठी १९८६ चे नोबेल मिळाले. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांना माणसाच्या रक्तद्रवात अवघ्या तीन आम्लांचे पेप्टाइड सापडले. १९९७ मध्ये अमेरिकेत मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी अशाच एका वाढ-घटकाच्या जेलला मान्यता मिळाली.

व्यायामशाळांत ज्याची चर्चा चालते, त्या बीपीसी-१५७ या पेप्टाइडची गोष्ट वेगळी. त्याचे बहुतेक प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, आणि २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूंना ते वर्ज्य ठरवले आहे.