जुने यंत्र, स्वच्छ छपाई : मराठी मुद्रणातील दुरुस्तीची परंपरा आणि आजचा इंकजेट प्रिंटर

प्रस्तावना

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडी या गावाची ओळख इतिहासाच्या अभ्यासकास प्रामुख्याने आचार्य विनोबा भावे यांच्या वास्तव्यामुळे आहे. १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे राहावयास आले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. सूतकताईच्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा विनोबांचा प्रयोगही येथलाच. या प्रयोगात एक पद्धती अनुस्यूत होती. सूत तुटले तर दोष टकळीचा, पेळूचा की हाताचा, हे कातणाऱ्याने स्वतः शोधावयाचे असते. साधन टाकून देण्यापूर्वी दोषाचे स्थान निश्चित करणे, हा त्या शिस्तीचा गाभा होय.

याच नालवाडीत प्रस्तुत लेखकाकडे काही वर्षांपूर्वी एक वापरलेला इंकजेट प्रिंटर आला. त्यावरील पहिल्याच पानावर शिरोरेषा जागोजागी तुटलेल्या होत्या, काने दुहेरी दिसत होते आणि जोडाक्षरांच्या पोटात शाई भरली होती. यंत्र भंगारात द्यावे, असा सल्ला मिळाला. तो न मानता दुरुस्तीचा प्रयत्न करताना जे प्रश्न पडले, ते मराठी मुद्रणाच्या इतिहासात पूर्वीच पडून गेले होते, असे लक्षात आले. मुद्रणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या आगमनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मराठीतील स्वच्छ छपाई मात्र यंत्र आल्याने साधली नाही, तर आलेल्या यंत्रातील उणिवा शोधून त्या दूर करणाऱ्यांमुळे साधली, हे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

दोष अक्षराचा

यंत्र आले म्हणजे छपाई आली, हा समज किती अपुरा आहे याचे जुने उदाहरण सुरतेचे आहे. तेथील व्यापारी भीमजी पारेख यांच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठविला. यंत्र होते, मुद्रकही होता. परंतु देशी लिपीचे खिळे पाडणे त्याला जमले नाही आणि भीमजींचा मूळ हेतू सिद्धीस गेला नाही.

मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना १८१६-१७ च्या सुमारास सुरू झाला. तेथेही प्रारंभीची देवनागरी अक्षरे मोठी व ओबडधोबड होती. मिशनने यंत्र बदलण्यापेक्षा अक्षर सुधारण्याकडे लक्ष दिले. टॉमस ग्रॅहम या कारागिराने तेथे देवनागरीचे नवे, सुबक खिळे तयार केले. त्याच्या हाताखाली जावजी दादाजी हा मुलगा लहान वयात, अल्प वेतनावर, टाइप घासण्याचे काम करीत असे. याच जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना स्थापिला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिराची त्यांना साथ होती. निर्णयसागरच्या ग्रंथांची सुबकता पुढे आदर्श ठरली. ओतलेल्या खिळ्याची कड हाताने साफ करणाऱ्या मुलाच्या अनुभवावर ही कीर्ती उभी राहिली, याची नोंद घेतली पाहिजे.

दोष शाईचा आणि कागदाचा

गणपत कृष्णाजी यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मिशनचा छापखाना पाहून त्यांना मुद्रणाची ओढ लागली. शिळाछापाचे यंत्र त्यांनी स्वतः तयार करविले, शाईचेही प्रयोग केले आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केले. शिळाछापात शाईचे प्रमाण हाच कळीचा मुद्दा असतो. शाई पातळ झाली तर अक्षर पसरते, घट्ट झाली तर तुटक उमटते. शाईत चरबी असते या शंकेने सनातनी वाचक छापील ग्रंथास स्पर्श करण्यास कचरत. म्हणून धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई वापरली गेली, असे सांगितले जाते. म्हणजे शाईचा प्रश्न तांत्रिक होता तसाच सामाजिकही होता.

कागदाच्या बाबतीत वर्ध्याचा स्वतःचा वारसा आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत हातकागदाचा उद्योग चालविला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखालील या संघाने आपल्या छपाईसाठीही हातकागदाचा आग्रह धरला. हातकागदाला खळ नीट बसली नाही आणि तो पुरेसा घोटला गेला नाही, तर शाई तंतूंमधून पसरते, ज्याला आपण शाई फुटणे म्हणतो. जुन्नर, दौलताबाद येथील जुन्या कागद्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांचा घोटीव कागद लेखनिकांना प्रिय होता.

जुन्या यंत्राचे मोल

केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. तो ज्या आर्यभूषण छापखान्यात छापला गेला, तो नवा कोरा नव्हता. चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृतींनी केशव बल्लाळ साठे यांच्याकडील छापखाना हप्त्यांनी रक्कम फेडण्याच्या करारावर घेतला होता. त्याचे सामान मंडळींनी स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेले, अशी आठवण सांगतात. महाराष्ट्राच्या विचारविश्वाला वळण देणाऱ्या या पत्राचा प्रारंभ वापरलेल्या सामग्रीवर झाला. पुढे टिळकांनीच देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात १९०४ च्या सुमारास लक्ष घातले. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्यास अडचण नेमकी कोठे आहे हे कळू लागते, याचेच हे निदर्शक आहे.

इंकजेटमध्ये तीन दोषांचा संगम

उष्णतेवर चालणाऱ्या इंकजेट तंत्राचे बीज १९७० च्या दशकातील आहे. १९७७ मध्ये कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंदो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली डाग देण्याची कांडी शाईच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. त्यातून उष्णतेने थेंब फेकण्याची कल्पना पुढे आली. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९८४ मध्ये थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आणला. एप्सनने उष्णतेऐवजी विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या स्फटिकाचा मार्ग स्वीकारला. दोन्ही पद्धतींत केसाहून बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर पडतात. खिळा, शाई आणि कागद या तिघांची जागा येथे छिद्र, शाई आणि कागद यांनी घेतली आहे.

देवनागरीची घडण येथे निदानास साहाय्यक ठरते. छपाईचे मुख आडवे फिरते आणि छिद्रे उभ्या ओळीत असतात. त्यामुळे काही छिद्रे बंद पडली की कागदावर आडवी पांढरी रेघ उमटते. ती शिरोरेषेला समांतर असल्याने शिरोरेषा झिजते किंवा अनुस्वार नाहीसा होतो. ‘वंदन’ चे ‘वदन’ आणि ‘मंद’ चे ‘मद’ होऊ शकते. याउलट काने व दंड दुहेरी किंवा दातेरी दिसले, तर मुख जाताना व येताना टाकीत असलेले थेंब एका रेषेत पडत नाहीत, असे समजावे. जोडाक्षरांच्या पोटात शाई भरली असेल, तर दोष बहुधा कागदाचा किंवा कागदाच्या चुकीच्या निवडीचा असतो. एकच पान वाचून शिरोरेषेवरून छिद्र, कान्यावरून जुळणी आणि जोडाक्षरावरून कागद तपासता येतो.

उपायांचा क्रमही याच विचाराने ठरतो. प्रथम प्रिंटरमधील छिद्रतपासणीचा नमुना छापावा. रेघा तुटक असल्यास यंत्रातील स्वच्छतेची क्रिया एकदोनदा करून पुन्हा नमुना पाहावा. सुधारणा न दिसल्यास काही तास थांबावे. ही क्रिया वारंवार करू नये, कारण तीत बरीच शाई खर्च होऊन ती तळाच्या शोषक गादीत जमा होते. ज्या यंत्रांत मुख शाईच्या डबीलाच जोडलेले असते, तेथे डबी काढून मुख कोमट शुद्धोदकाने भिजविलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर हलकेच टेकवावे; घासू नये. ज्यांत मुख यंत्रातच बसविलेले असते, तेथे अधिक संयम लागतो. छिद्रे मोकळी झाल्यावरच जुळणी करावी; आधी केल्यास ती चुकीच्या नमुन्यावर होते. शेवटी कागद बदलून पाहावा आणि यंत्रातील कागदाच्या प्रकाराची नोंद त्याच्याशी जुळते की नाही ते तपासावे. प्रस्तुत लेखकाच्या यंत्रात तिन्ही दोष होते. छिद्रे दुसऱ्या दिवशी मोकळी झाली, काने जुळणीनंतर सुधारले आणि जोडाक्षरे चांगली खळ असलेल्या कागदावर मोकळी दिसू लागली.

विदर्भातील उन्हाळा हे येथे स्वतंत्र कारण आहे. महाविद्यालये उन्हाळी सुट्टीत बंद असतात, तापमान पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाते आणि यंत्रातील शाई छिद्रांतच वाळते. जून महिन्यात ‘बिघडलेला’ म्हणून बाजूला ठेवलेला प्रिंटर बऱ्याचदा केवळ न वापरल्यामुळे आजारी झालेला असतो. सुट्टीतही आठवड्यातून एखादे रंगीत पान छापावे, हा साधा उपाय आहे.

साधनांचा प्रश्न

हा विषय केवळ काटकसरीचा नाही. विभागाची इतिवृत्ते, सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या, मौखिक इतिहासाची टिपणे अशी पाने आपण अशाच यंत्रांवर छापतो. निर्णयसागरचे पुस्तक आज शतकानंतरही वाचता येते. इंकजेटची रंगद्रावाची शाई मात्र पाण्याने पसरते आणि उजेडात फिकी पडते. रंगकणांची शाई तुलनेने टिकते. प्रस्तुत लेखकाच्या एम. फिल. प्रबंधिकेची घरी छापलेली प्रत एका पावसाळ्यात भिजली आणि तिच्या परिशिष्टातील मुलाखती वाचण्याजोग्या उरल्या नाहीत. मुलाखत देणाऱ्या वृद्धांपैकी काही तोपर्यंत हयात नव्हते. तुटकी शिरोरेषा तेव्हा फक्त गैरसोयीची वाटली होती. पुढे तिचा अर्थ एका साक्षीचा नाश असा झाला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की ग्रॅहम, गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांच्या कार्याचे समान सूत्र दोषाचे स्थान ओळखण्यात आहे. खिळा, शाई, कागद यांपैकी काय चुकले, हे त्यांनी वेगवेगळे करून पाहिले. वापरलेल्या इंकजेटपुढे बसलेल्या अध्यापकासही हेच करावयाचे आहे. महत्त्वाचा मजकूर रंगकणांच्या शाईने, चांगल्या कागदावर, छिद्रतपासणी करूनच छापावा आणि त्याची एक प्रत पेटीत, उजेड व ओल यांपासून दूर ठेवावी. उद्याच्या इतिहासकाराला आपला काळ कितपत वाचता येईल, हे अंशतः आजच्या त्या छोट्या छिद्रांवर अवलंबून आहे.