पुण्यात छापलेली ‘इद्रा झुता’

मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी. त्या काळात मुंबईच्या धनिक घराण्यांनीही पुण्यात बंगले उभारले. बगदादहून येऊन 1832 मध्ये मुंबईत स्थिरावलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून त्यांतलेच. लष्कर भागातल्या लाल देवळाचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे, काम त्यांनी 1863 मध्ये सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात वारले. याच बगदादी ज्यूंपैकी अब्राहम डेव्हिड एझिकेल यांनी 1887च्या सुमारास ज्यूंच्या गूढविद्येतला, म्हणजे कबालातला, एक ग्रंथ, ‘इद्रा झुता’, पुण्यात छापून काढला. मूळ भाषा अरामी, पण छापली ती बगदादी घरांत बोलली जाणारी, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी अरबी. बगदादच्या धर्मपंडितांनी त्याला कडाडून विरोध केला. धर्मग्रंथ लोकभाषेत आला म्हणून ते चिडले, असे समजणे सोपे आहे. माझ्या मते त्यांचा खरा आक्षेप गुरूवाचून मिळणाऱ्या ज्ञानाला होता.

‘इद्रा झुता’ हा ‘झोहर’चा भाग. ‘झोहर’ दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाय यांच्या नावावर चालतो. तो उजेडात आला मात्र तेराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमधल्या कॅस्टीलमध्ये, मोझेस दे लिऑन यांच्या हातून. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या कथा आणि नियम हे वरचे वस्त्र, आत देवाच्याच अंतरंगाची हकीकत, ही त्याची धारणा. ती उलगडते गुरू-शिष्यांच्या बोलण्यातून: वाटेने चालता चालता एखाद्या शब्दावर शिष्य अडतो आणि त्याच्या शंकेतून पुढचा अर्थ निघतो. ‘इद्रा झुता’त गुरूचा अखेरचा दिवस आहे. शिष्य भोवती जमले आहेत, आजवर झाकून ठेवलेले गुरू सांगतो आहे आणि रब्बी अब्बा ते लिहून घेतो आहे. सांगणे आहे देवाच्या मुखाबद्दल, मस्तकाबद्दल, दाढीबद्दल. निराकार देवाला दाढी कुठून, हे कोणताही शिष्य विचारणारच. ही सारी दैवी प्रकाशाच्या पायऱ्यांची चिन्हे आहेत, हे तिथेच समजावणारा कुणी नसेल, तर वाचक मनात मूर्ती घडवून बसेल. पंडितांची ही धास्ती मला खोटी वाटत नाही.

भाषेचाच प्रश्न असता, तर 1874 च्या हग्गादाचे काय? पेसाह सणाच्या रात्री वाचायची ही पोथी पुण्यातच विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात निघाली, हिब्रूसोबत मराठी भाषांतर देऊन, बेने इस्रायली या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी. कुणी म्हणेल, हग्गादा घरच्या विधीची पोथी, तिची तुलना गूढविद्येशी कशाला? पण आक्षेपाची रेघ त्या दोहोंमध्ये पडते, हेच मला दाखवायचे आहे. दुसरी शंका अधिक वजनदार आहे. एझिकेल थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. तिचे संस्थापक ब्लाव्हॅट्स्की आणि ऑल्कॉट 1879 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हापासून ही मंडळी सर्व धर्मांत एकच गुप्तज्ञान शोधत होती. बगदादला त्या संगतीचा संशय आला असणारच. तरी छापलेला मजकूर बाहेरचा नव्हता. पूर्वेकडच्या ज्यू समाजांत, बगदादीही त्यांतच आले, ‘झोहर’चे पठण पुण्यकारक मानले जाई, अर्थ कळो वा न कळो. शब्द ओठांवर होते, अर्थावर पहारा होता. पठण करणाऱ्याला त्याचा अर्थ विचारण्याचा हक्क आहे, आणि इथे मी एझिकेल यांच्या बाजूने उभा आहे.

महाबळेश्वराजवळच्या सातारा परिसरात ग्रंथ आणि गुरू यांची ही गाठ निराळ्या रीतीने सुटलेली होती. समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ही श्रोत्यांच्या शंका घेत पुढे सरकतो. तो घरोघर वाचला गेला. अनुग्रह मात्र गुरूकडूनच घ्यायचा राहिला. एझिकेल यांनी तिथून काही घेतले, असे मी म्हणत नाही. पण ग्रंथ खुला ठेवूनही गुरूचे स्थान टिकते, याचा दाखला त्यांच्या छापखान्यापासून फार लांब नव्हता. बेने इस्रायली तर त्याच दशकात, 1880 पासून, हरिदासी धाटणीची कीर्तने करू लागले होते. त्यांत अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या तोरातल्या कथा मराठी पदांत रंगत. ‘इद्रा’तले देवाचे मुख मात्र या आख्यानांचा विषय झाले नाही.