जुना संच आणि नवा पडदा

रायपूर शहराला लागून असलेल्या उरल्याचे नाव निघाले, की लोखंडाच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि त्यांच्या फाटकांशी उभे असलेले भंगाराचे ट्रक डोळ्यांपुढे येतात. मोडके लोखंड वितळवावे आणि त्यातून नवे घडवावे, हा येथील नित्याचा व्यवसाय. पन्नास वर्षांपूर्वी याच रायपूर जिल्ह्यातील खेड्यांत दूरचित्रवाणीचा संच प्रथम आला. आज तो संच स्वतःच भंगारात निघाला आहे. आणि लोखंड पचवणाऱ्या भट्टीला तो मात्र सबंध पचत नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी त्या संचाचे पूर्वचरित्र पाहिले पाहिजे.

१ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-शिक्षणाचा प्रयोग भारतात सुरू झाला. त्याचा करार डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेशी झाला होता. परंतु १९७१ च्या अखेरीस साराभाई निवर्तले आणि प्रयोग सिद्धीस नेण्याचे काम त्यांच्या सहकाऱ्यांवर आले. कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस हे या प्रयोगाच्या व्यवस्थापनातील एक प्रमुख होते. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेडी त्यासाठी निवडण्यात आली. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूरचा परिसर त्यांपैकी एक होता. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी थोरांसाठी, असे दिवसाला चार तास कार्यक्रम होत.

या प्रयोगातील संच कोणत्या प्रकारचा होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तो काही अंतराळयुगाचा अपूर्व चमत्कार नव्हता. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केलेला, पिक्चर ट्यूबचा, कृष्णधवल असा तो संच होता. त्याला एक परिवर्तक जोडलेला असे आणि बाहेर सुमारे दहा फूट व्यासाची तबकडी उभारलेली असे. ही तबकडीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची! उपग्रहाचा संदेश साध्या संचाला कळेल अशा रूपात आणून देणे, एवढेच त्या परिवर्तकाचे काम. संच बदलला नव्हता. त्याला एक दुभाषा मिळाला होता. आणि खेडोपाडी हे संच चालू राहिले, ते दुरुस्तीची पथके गावोगाव फिरत राहिली म्हणून.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोगाची मुदत संपली आणि उपग्रह अमेरिकेकडे परत वळवण्यात आला. पिक्चर ट्यूब शाबूत होत्या, पण त्यांवर उमटायला चित्रच उरले नाही. १९७७ साली रायपूरला जमिनीवरील प्रक्षेपण-केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या टप्प्यातील गावांत संच पुन्हा बोलू लागले. टप्प्याबाहेरची गावे मुकीच राहिली. यंत्राचे आयुष्य केवळ यंत्रात नसते, ते त्यामागच्या व्यवस्थेत असते, हा धडा रायपूरच्या खेड्यांनी असा फार लवकर घेतला.

पुढे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले आणि पिक्चर ट्यूब घरोघरी पोहोचली. ती थकली की कारागीर तिची मान कापून आतील झिजलेली गन बदलीत आणि तीच काच पुन्हा कामास लावीत. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह-सेवा सुरू झाली. २०११ च्या कायद्याने केबलही टप्प्याटप्प्याने अंकीय झाली. दोन्ही वेळा जुना संच बाद व्हायला हवा होता. परंतु सेट-टॉप बॉक्स नावाचा नवा दुभाषा त्याच्या डोक्यावर येऊन बसला आणि १९७५ चीच युक्ती पुन्हा उपयोगी पडली.

मग हा संच हरला कशाने? सपाट पडदा वजनाने हलका, जागेला आटोपशीर आणि विजेला काटकसरी. एकवीस इंची रंगीत जुना संच साधारण सत्तर ते शंभर वॉट वीज घेई. त्याहून मोठा एलईडी पडदा पुष्कळदा त्याच्या निम्म्यात भागवतो. हे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. २००८ च्या सुमारास जगाच्या बाजारात सपाट पडद्याने आघाडी घेतली आणि पिक्चर ट्यूबचे कारखाने एकामागून एक बंद पडले.

या बंद होण्याचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. क्ष-किरण अडवण्यासाठी पिक्चर ट्यूबच्या मागील नरसाळ्यासारख्या काचेत शिसे घातलेले असते. एका रंगीत संचात ते सुमारे एक ते तीन किलो भरते. जोवर नव्या ट्यूब होत होत्या, तोवर जुनी काच वितळवून तिच्यातूनच नवी काच करता येई. अमेरिकेतील जुन्या ट्यूबची काचही काही काळ गुजरातेत भरुचजवळच्या कारखान्यात त्यासाठी येत असे. नव्या ट्यूब थांबल्या आणि या काचेचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. भंगारवाला संचातील तांबे काढतो, लोखंड काढतो. ते लोखंड उरल्यासारख्या ठिकाणी भट्टीत जाते. काच मात्र फुटून उकिरड्यावर पडते आणि तिच्यातील शिसे माती-पाण्यात उतरू शकते.

२०११ च्या ई-कचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ती अधिक काटेकोर केली. परंतु कित्येक जुन्या संचांचे उत्पादकच आज अस्तित्वात नाहीत. म्हणून चालू संच दुभाष्याच्या साह्याने चालवणे ही केवळ कंजुषी नव्हे. त्यातील विष तेवढा काळ काचेत बंदिस्त राहते. आणि नवा पडदा आणायचा झाल्यास जुन्याला भंगाराच्या गाडीत न टाकता अधिकृत पुनर्चक्रण केंद्रात पोहोचवणे, हा त्या खरेदीचाच भाग मानला पाहिजे.

साइटच्या वेळी नव्या वस्तूबरोबर तिच्या दुरुस्तीचीही योजना आखली गेली होती. वस्तूच्या जन्माइतकाच तिच्या शेवटाचाही विचार त्याच योजनेत व्हावा, एवढीच भर पन्नास वर्षांच्या अनुभवाने तिच्यात घालायची आहे. आजचे सपाट पडदेही एके दिवशी त्याच भंगाराच्या गाडीत चढणार आहेत.