शनिवार तेली

इतिहासाच्या तासाला 'ज्यू' हा शब्द आला की वर्गातून एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, म्हणजे आपले शत्रू ना?" यात मुलांचा दोष नाही. पॅलेस्टाइनमधील रक्तपाताच्या बातम्या त्यांच्या कानावर पडत असतात. परंतु एका राज्याचे राजकारण आणि एका धर्माचे पालन या दोन भिन्न गोष्टी होत. हे समजावून देण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्या कोकणातील बेने इस्रायलांचा इतिहास पुरेसा आहे.

या समाजाची परंपरा अशी, की शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात बुडाले. ही माणसे गावोगावी वसली, मराठी बोलू लागली. पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांवरून त्यांची आडनावे पडली. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा. मात्र शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. म्हणून लोकांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'.

ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, तरीही धर्म टिकला तो कशावर? घरातील आचरणावर. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. पर व खवले नसलेली मासळी चुलीवर चढत नसे. ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारे 'शेमा' हे हिब्रू वचन जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटले जाई. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, पण सण राहिले. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून उपवास करीत, म्हणून तो 'दारफाळणीचा सण'. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या शोकदिनाचा उपवास वालाच्या बिरड्याने सोडीत, म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'. रोजा हा शब्द आपल्या वाचकांस परका नाही.

पुढे दाविद रहाबी नावाचे ज्यू विद्वान कोकणात आले. मासळी निवडण्याची स्त्रियांची रीत पाहून त्यांनी आपले धर्मबांधव ओळखले, असे सांगतात. त्यांनी तिघांना धर्मशिक्षण दिले. या धर्मप्रमुखांना समाजाने म्हटले 'काजी'.

शेजाराच्या अशा खुणा आणखीही आहेत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतील अंमलदार टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. 'बनी इस्राईल' हे नाव कुराणात आले आहे, हे जाणून सुलतानच्या मातोश्रींनी त्यांच्या प्राणांसाठी रदबदली केली, अशी कथा समाजात सांगितली जाते. सुटकेनंतर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्यास मशीदच म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले, असेही मानतात. आपण ज्यांना हजरत इल्यास म्हणतो, ते यांचे एलियाहू हन्नाबी. त्यांच्या नावाने पोहे, नारळ, साखर व फळे यांचा मलिदा आजही होतो.

केवळ आचरणावर मात्र हा समाज थांबला नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. तीच आजची माझगावची सर एली कदूरी शाळा. आज तेथे शिकणाऱ्यांत मुस्लिम मुलामुलींची संख्या मोठी आहे.

१९४८ नंतर समाजातील बहुतेक लोक इस्रायलला गेले. तेथेही त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली. १९६४ मध्ये त्यांना संपूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ज्या कोकणाने ग्रंथ नसतानाही त्यांचा शनिवार ओळखला, त्याच्या तुलनेत ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

घरात आचरण आणि गावात शाळा, या दोन आधारांवर लहान समाज उभा राहतो. तिसरा आधार शेजाऱ्याने द्यायचा असतो. तो आपल्या मुलांना देता यावा, एवढे तरी शिक्षण आपल्या वर्गांतून मिळाले पाहिजे.