ऑइल बदलीची कुळकथा

इंजिनातले ऑइल ठरावीक अंतराने काढून टाकायचे आणि नवे भरायचे, ही रीत मोटारीइतकीही जुनी नाही. यंत्राला तेल देणे फार पुरातन; पण दिलेले तेल परत काढण्याची गरज भासली ती तेल यंत्राच्या पोटातच ठेवले जाऊ लागल्यावर. तोवर तेल घातले जाई आणि गळून, वाहून किंवा जळून संपे.

नांदेड-लातूरकडच्या बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचे वंगण देत. लांबच्या पल्ल्याला निघण्याआधी चाक आखावरून बाहेर सरकवायचे, जुने वंगण चिंधीने पुसायचे आणि नवे चोपडायचे. चिंधीला लागे तो काळा चिकटा: धूळ, कोळपलेले तेल आणि आखाच्या लोखंडाचा बारीक कीस. एरंडीची वाण इकडे नव्हती. हैदराबाद संस्थान एरंडीच्या पिकासाठी प्रसिद्ध होते. मोठे क्षेत्र तेलंगणात असले तरी मराठवाड्यातही शेताच्या कडेने एरंड असेच. पुढे 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत आली, तेव्हा वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हरही हातात तेलकुपी घेऊन स्टेशनात सांध्यासांध्याला तेल सोडत फिरे. सिलिंडरातले तेल वाफेबरोबर चिमणीतून जाई, बेअरिंगचे रुळांवर ठिबके. तेलाचा खर्च मोठा, पण एक फायदा होता: घाणही तेलाबरोबर निघून जाई.

सुरुवातीची पेट्रोल इंजिने याच पद्धतीवर चालली. चार्ल्स वेकफील्ड यांच्या ब्रिटिश कंपनीने 1909 मध्ये खनिज तेलात एरंडेल मिसळून कॅस्ट्रॉल बाजारात आणले. नावातच एरंडेलाचे इंग्रजी नाव आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती इंजिने तर एरंडेलावरच चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. एरंडेलाची वंगणशक्ती उत्तम, पण उष्णतेत फार वेळ राहिले की ते चिकट होते आणि त्याचा गोंद बनतो. एकदा वापरून सोडून द्यायचे असेल तर हा दोष आड येत नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवायचे म्हटले की एरंडेल बाद होते. मोटार कायमची खनिज तेलाकडे वळली, याचे एक कारण हे आहे.

1908 पासून विकल्या गेलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तेल बंद पेटीत राही आणि फिरत्या भागांनी उडून सगळीकडे पोचे. फिल्टर नव्हता. नवी गाडी चारपाचशे मैल चालली की पेटीतले घाण तेल सोडावे आणि त्यानंतर साधारण दर 750 मैलांनी, म्हणजे 1200 किलोमीटरनी, तेच करावे, अशी सूचना मालकाच्या पुस्तिकेत छापलेली असे. आजच्या सर्व्हिसिंगच्या तक्त्याचे हे मूळ. 1923 मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॅल्ग यांनी मोटारीचा ऑइल फिल्टर आणला आणि मुदत लांबू लागली. फिल्टरला मर्यादा मात्र आहे. तो गाळतो ते कण. तेलात मिसळलेले पाणी, इंधन आणि आम्ल त्यातून सरळ पार होतात.

ही घाण बाहेरून कमी आणि आतूनच जास्त येते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक सायलेन्सरमधून जाते, थोडे पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरते. त्याच वाटेने न जळलेले इंधन आणि काजळी येते. पाणी आणि ज्वलनाचे वायू मिळून आम्ल होते. तेल स्वतःही गरम हवेच्या संपर्कात आंबट आणि घट्ट होत जाते. क्रँकच्या बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते. त्या फटीत तेलाचा पापुद्रा टिकला तर धातूला धातू लागत नाही; पापुद्रा फाटला की झीज सुरू. रिंगांच्या खाचांत गाळ बसला की रिंगा चिकटतात, इंजिन ऑइल पिऊ लागते, धूर टाकते आणि शेवटी बोअरचे काम निघते.

डिझेल इंजिनात काजळी फार, म्हणून तिथे हा प्रश्न आधी पेटला. 1930 च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलर ट्रॅक्टरांच्या रिंगा चिकटू लागल्या आणि 1935 च्या सुमारास धुऊन काढणारी द्रव्ये घातलेली पहिली डिझेल ऑइल्स आली. ही द्रव्ये काजळी धातूवर बसू देत नाहीत, तेलातच तरंगत ठेवतात. त्यामुळे डिझेलचे ऑइल काही शे किलोमीटरांतच काळे पडते आणि ते चांगले लक्षण असते. बोटावर थेंब घेऊन रंगावरून निकाल देण्याची गॅरेजमधली सवय डिझेलपुरती तरी फसवी आहे. काळेपणा दिसतो, आम्ल मारण्याची शक्ती किती उरली, हे डोळ्यांना दिसत नाही.

मराठवाड्यात ही रीत दोन वाटांनी आली. एक वाट सरकारी बसची. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इथली बससेवा पुढे 1961 मध्ये राज्य परिवहन महामंडळात मिळाली. आगारात गाडीचे किलोमीटर नोंदले जातात आणि देखभाल त्या नोंदीवर होते, ड्रायव्हरच्या मर्जीवर नाही.

दुसरी वाट विहिरीवरची, आणि गावोगावच्या माणसांनी ऑइल बदली शिकली ती इथेच. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने 1933 मध्ये देशातले पहिले डिझेल इंजिन बनवले. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली. मोटेच्या जागी एका सिलिंडरचे इंजिन बसले. त्याला किलोमीटर नसतात, तास असतात, आणि रात्रभर एका दमात चालणाऱ्या इंजिनाचे तास कोणी मोजत नसे. ऑइल कमी दिसले की वरून ओतायचे, हा काटकसरीचा मार्ग. वरून ओतल्याने पातळी भरते. घाण आणि आम्ल जिथल्या तिथे राहते.

त्यात आणखी एक भर होती. या इंजिनाला थंड करायला विहिरीचेच पाणी सोडत. सतत ताजे गार पाणी फिरल्याने सिलिंडर हवा तेवढा तापत नसे, आतली वाफ भिंतीवर जमे. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत चालत असे. गंधकाचा धूर आणि पाणी मिळून गंधकाम्ल होते. इंजिन थंड ठेवले म्हणून ते जास्त टिकेल, हा समज इथे उलटा पडे. मिस्त्री इंजिन खोले तेव्हा झिजलेला लायनर आणि चिकटलेल्या रिंगा दिसत.

आजची मुदत लांबली त्यात इंधनाचाही वाटा आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखात 10 भाग एवढेच असते. तेले सुधारली, इंजिनांची घडण बारकाईची झाली. बऱ्याच छोट्या पेट्रोल मोटारींना आता 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, अशी मुदत असते. या वाक्यातला दुसरा भाग लोक सोडून देतात. वर्षभरात तीन हजार किलोमीटरच चाललेल्या गाडीचे ऑइलही उभ्या उभ्या आंबते.

पुस्तिकेच्या मागच्या पानांवर खडतर वापराची वेगळी, कमी मुदत दिलेली असते. धूळ, कडक ऊन, जड ओढ आणि जवळच्या फेऱ्या ही त्याची लक्षणे. नांदेड-लातूरचा बराचसा वापर त्यातच मोडतो. मांजरा कारखान्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गाळप हंगामात दिवसभर मंद गतीने, पूर्ण ताकदीवर चालतो. पुढच्या ट्रॉलीची धूळ मागच्या ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरवर. धुळीतली वाळू पोलादापेक्षाही कठीण असते; फिल्टर फाटका असेल तर ती तेलात मिसळून लायनर घासते. म्हणून ट्रॅक्टरला अवर मीटर असतो, आणि साधारण 250 तास हा अनेकांचा ठरलेला आकडा. लातुरात मुलाला शिकवणीला सोडून परत येणारी कार दिसायला सुखात असते, पण दोनतीन किलोमीटरांत तिचे ऑइल पुरते तापतच नाही. पाणी वाफ होऊन निघून जात नाही आणि झाकणाखाली दह्यासारखा पिवळट साका धरतो.

बदलीचे काम अर्ध्या तासाचे. इंजिन थोडे चालवून कोमट करायचे, म्हणजे तरंगती घाण तेलाबरोबर येते. चेंबरखालचा नट पान्याने सैल करायचा, धार तुटून थेंब पडू लागेपर्यंत थांबायचे, फिल्टर बदलायचा, नटाचा वायसर नवा घालायचा, मग पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचे ऑइल काडीच्या वरच्या खुणेपर्यंत भरायचे. खुणेच्या वर भरणेही वाईटच; क्रँक तेलात बुडून फेस करतो. छोट्या कारला तीन ते चार लिटर लागते.

निघालेले जळके ऑइल वाया जात नाही. सेंट्रिंगच्या पत्र्यांना ते लावतात, वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटींना फासतात. दोन्ही उपयोग जुने आणि दोन्ही धोक्याचे, कारण त्यात धातू आणि ज्वलनाचे विषारी अवशेष असतात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. मूळ तेल फारसे झिजत नसल्याने पाणी, गाळ आणि संपलेली द्रव्ये काढली की पुन्हा वंगण बनवता येते. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी वापरलेले तेल गोळा करून शुद्धीकरणाला पोचवण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवर आणि आयातदारांवर टाकली आहे.