तल्लफेची लाट आणि खिशातला फोन

नववीतल्या एखाद्या मुलाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडते. पालकांना शाळेत बोलावले जाते. मुलगा मान खाली घालून 'पुन्हा नाही खाणार' म्हणतो आणि आठ दिवसांत पुन्हा खातो. तो खोटे बोलला असे आपण धरून चालतो. पण बहुधा तो मनापासून बोललेला असतो; तल्लफ आली की काय करायचे, हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते.

हल्ली अशा मुलांसाठी सजगतेची मोबाइल अ‍ॅप्स सुचवली जातात. 'श्वासाकडे लक्ष दे, तल्लफ ओसरेल' असे ती सांगतात. यात तथ्य किती? हे समजण्यासाठी आपल्याला या कल्पनेचा गेल्या पंचेचाळीस वर्षांचा इतिहास पाहावा लागेल. तो मुख्यतः अमेरिकेत घडला, पण त्यातला एक धागा आपल्या इगतपुरीपर्यंत येतो.

जॉन कबात-झिन हे रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. १९७९ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचे वर्ग सुरू केले. बौद्ध परंपरेतील ध्यानाचा सराव त्यांनी धार्मिक चौकटीबाहेर आणला. वेदना नाहीशी करणे हा उद्देश नव्हता. तिच्याकडे न घाबरता पाहायला शिकवणे हा होता.

त्याच सुमारास सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लाट हे मानसशास्त्रज्ञ एका प्रश्नाच्या मागे होते : सुटलेले व्यसन पुन्हा का जडते? त्यांनी तल्लफेला लाटेची उपमा दिली. लाट उठते, उंच होते आणि फुटून ओसरते. व्यसनी माणसाला मात्र वाटते की ती वाढतच जाणार. लाट उंच होण्याआधीच तो पुडी फोडतो, त्यामुळे ती आपोआप ओसरते हे त्याने कधी पाहिलेलेच नसते. शिवाय दर वेळी 'अस्वस्थता, मग तंबाखू, मग आराम' ही साखळी मेंदूत अधिक पक्की होते. म्हणून लाटेशी झगडू नका आणि तिच्यासोबत वाहूनही जाऊ नका. तिच्यावर तरंगत राहा, असे मार्लाट शिकवत.

आता इगतपुरीचा धागा. म्यानमारमध्ये जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे घेऊ लागले. १९७६ पासून इगतपुरी हे त्यांच्या कार्याचे मोठे केंद्र झाले. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक हजारांहून अधिक कैद्यांचे शिबिर झाले. १९९७ मध्ये अशीच शिबिरे सिअ‍ॅटलजवळच्या एका तुरुंगात सुरू झाली. मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील कैद्यांचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिरार्थींमध्ये दारू, गांजा आणि कोकेनचे सेवन इतरांपेक्षा कमी आढळले.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने शंका घ्यायलाच हवी. शिबिरात गेलेले कैदी स्वेच्छेने गेले होते. मग परिणाम ध्यानाचा, की मुळातल्या निर्धाराचा? या शंकेमुळे पुढच्या अभ्यासांत गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात २८६ जण होते. वर्षभरानंतर सजगतेच्या गटातील लोकांचे नशा करण्याचे दिवस इतर दोन गटांपेक्षा कमी होते.

मग फोन आला. जडसन ब्रुअर यांच्या २०११ च्या अभ्यासात ८८ धूम्रपान करणारे होते. समोरासमोर बसून सजगता शिकलेल्यांपैकी ३१ टक्के, तर प्रचलित पद्धतीच्या गटातील ६ टक्के लोक सतरा आठवड्यांनी धूम्रपानापासून दूर होते. हेच शिक्षण पुढे अ‍ॅपमध्ये घालून तपासले गेले. २०१८ मध्ये आलेला निकाल वेगळा होता. सहा महिन्यांनी सजगतेचे अ‍ॅप वापरणारे आणि केवळ तल्लफेची नोंद ठेवणारे अ‍ॅप वापरणारे, या दोन्ही गटांत सिगारेट सोडलेल्यांचे प्रमाण १० ते १२ टक्केच होते. तल्लफ आणि सिगारेट यांची साखळी मात्र सजगतेच्या गटात सैल झालेली दिसली.

हे सारे प्रौढ होते. किशोरांचे काय? न्यूयॉर्कच्या तुरुंगातील १६ ते १८ वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तुरुंगाच्या ताणात सर्वांचीच एकाग्रता घसरली, पण सजगता शिकलेल्यांची कमी घसरली. उलट ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांना घेऊन मानसिक आरोग्यासाठी केलेल्या प्रयोगात (२०२२) नेहमीच्या शिक्षणापेक्षा सरस परिणाम दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट दिसते. तल्लफेकडे पाहता येणे हे पोहण्यासारखे कौशल्य आहे. त्यासाठी इच्छा लागते, रोजचा सराव लागतो आणि सुरुवातीला काठावर कोणीतरी उभे असावे लागते. अ‍ॅप सूचना देईल, नोंदी ठेवेल. पण मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही तर ते त्याच्या घरी जाणार नाही. मुलाच्या हाती अ‍ॅप देऊन आपली जबाबदारी संपत नाही. व्यसन जुने असेल, किंवा दारू आणि इतर अमली पदार्थांचे असेल, तर डॉक्टरांकडे नेणेच योग्य.

वर्गात मात्र एक साधा प्रयोग करता येईल. मुलांना दहा मिनिटे शांत बसवा. कोठे खाज आली, तर खाजवू नका म्हणावे. दर अर्ध्या मिनिटाला तिची तीव्रता ० ते १० मध्ये लिहायला सांगावे. मग आलेख काढावा. अनेकांच्या कागदावर चढून उतरणारी एक रेषा दिसेल. ज्या मुलाला तिची सर्वाधिक गरज आहे, तोही ती पाहत असेल. त्याच्याशी बोलायला तेथून सुरुवात करता येईल.